राज्यपाल श्रीप्रकाश यांची कारकीर्द आणि आपला मराठवाडा

राज्यपालाची कारकीर्द संपली म्हणजे तिचा गौरव करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. हारतुरे होतात, मानपत्रे वाचली जातात आणि सरकारने केलेल्या कामांची यादी सादर होते. परंतु अशा यादीतील कोणती गोष्ट सामान्य कुटुंबाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली आणि कोणती कागदावरच राहिली, याचा निवाडा त्या दिवशी होत नसतो. तो काळाच्या ओघात होतो. म्हणून आपल्या मंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम एक जुनी कारकीर्द निवडली आहे. ती म्हणजे डिसेंबर १९५६ ते एप्रिल १९६२ या काळात प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्याचे व नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या श्रीप्रकाश यांची. पडेगाव आणि पंचक्रोशीतील आपल्या ज्ञातिबांधवांच्या जीवनाची आजची घडी ज्या काही वर्षांत बसली, त्यांत या साडेपाच वर्षांचे स्थान मोठे आहे, असे आम्हांस वाटते.

श्रीप्रकाश हे काशीचे. थोर तत्त्वज्ञ डॉ. भगवानदास यांचे ते पुत्र. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास भोगला. १९४७ मध्ये पाकिस्तानातील भारताचे पहिले उच्चायुक्त म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे ते आसामचे व मद्रासचे राज्यपाल झाले आणि १९५६ च्या डिसेंबरात मुंबईस आले. त्या वेळी हे राज्य अवघ्या काही आठवड्यांचे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यातील मराठवाड्याचे पाच जिल्हे, मध्यप्रदेशातील विदर्भ, सौराष्ट्र व कच्छ हे सर्व एका छत्राखाली आले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी शंभरांहून अधिक माणसांनी प्राण वेचले होते आणि मराठी मन संतप्त होते. अशा वेळी मुख्यमंत्रिपद यशवंतराव चव्हाणांकडे आणि राज्यपालपद श्रीप्रकाशांकडे आले.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. आपल्या राज्यघटनेप्रमाणे राज्यपाल हा धोरणे आखणारा अधिकारी नव्हे. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, विधेयकांना संमती देतो, अधिवेशनाच्या आरंभी सरकारचे धोरण वाचून दाखवतो आणि विद्यापीठांचा कुलपती असतो. म्हणून पुढे ज्या कायद्यांचा उल्लेख येईल त्यांचे श्रेय किंवा अपश्रेय मुख्यतः मंत्रिमंडळाचे व विधिमंडळाचे आहे. तथापि एक कर्तव्य असे होते की जे घटनेने मराठवाड्याच्या बाबतीत खुद्द राज्यपालाच्या शिरावर ठेवण्याची सोय केली होती. त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत, कारण या निबंधाचे मर्म तेथेच आहे.

त्या वेळचा पडेगाव डोळ्यांसमोर आणावा. औरंगाबाद शहराच्या पश्चिमेस, छावणीच्या पलीकडे, दौलताबाद व वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव तेव्हा शहराच्या हद्दीबाहेरचे खेडे होते. ज्या रस्त्याने शतकानुशतके सुलतान, सुभेदार आणि यात्रेकरू गेले, त्या रस्त्यावर असूनही आधुनिक राज्यकारभाराचा लाभ गावाला फारसा झाला नव्हता. निजामी अमलात दरबाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. जमिनीचे जुने कागद उर्दूत, आणि ते वाचून घेण्यासाठी लिहित्या माणसाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, आणि १९५४-५५ च्या सुमारास जे खासरा पाहणी पत्रक तयार झाले ते आजही मराठवाड्यातील शेतकऱ्याला आपला हक्क शाबीत करताना शोधावे लागते. म्हणजे १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो ते मोकळ्या हातांनी नव्हे, परंतु शिक्षणात व सिंचनात पुष्कळ मागे राहिलेले असे आलो.

या कारकीर्दीतील पहिली ठळक कामगिरी म्हणजे मराठवाडा विद्यापीठ. त्यापूर्वी आपल्या भागातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढून या भागातील उच्च शिक्षणाचा पाया घातला होता. न्यायमूर्ती पळणीटकर यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५८ मध्ये विद्यापीठाचा कायदा झाला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू व राज्यपाल श्रीप्रकाश हे कुलपती. याच विद्यापीठाच्या नावाला १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये व अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले. पडेगावच्या मुलाला डॉक्टर किंवा इंजिनियर होण्यासाठी हैदराबादेस वा मुंबईस जावे लागे, ते अंतर एका सायकलीच्या फेरीइतके झाले.

परंतु दारात विद्यापीठ आले तरी फीचे पैसे कोठून आणावयाचे, हा गरिबाचा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर यशवंतरावांच्या सरकारने ज्या सवलतीने दिले ती आपल्या घराघरांत अजून ‘ईबीसी’ या तीन अक्षरांनी ओळखली जाते. ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांपेक्षा कमी, त्यांच्या मुलांची फी माफ. येथे जातीचा दाखला विचारला नव्हता, उत्पन्नाचा विचारला होता. मागासलेल्या जातींच्या सवलती आपल्या जागी होत्याच, आणि १९६० मध्ये राज्य सरकारने त्यांतील पुष्कळ सवलती बौद्ध धर्म स्वीकारलेल्या बांधवांनाही चालू ठेवल्या. परंतु कोणत्याही यादीत नसलेला गरीब शेतकरी, कारागीर वा हमाल यांचा मुलगा केवळ फीसाठी शाळेबाहेर राहू नये, हा विचार नवा होता. ज्ञातिसंस्थेच्या पानांत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. आपल्यासारख्या मंडळांनी शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृहे चालविली, हे खरे. तथापि शेकडो मंडळांनी मिळूनही जे झाले नसते ते एका सरकारी निर्णयाने झाले. ज्ञातीची मदत ही राज्याच्या कर्तव्याला पूरक असते, पर्याय नसते, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

दुसरी कामगिरी ग्रामराज्याची. द्वैभाषिक राज्यात निरनिराळ्या भागांना निरनिराळे पंचायत कायदे लागू होते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने त्या सर्वांना एक चौकट दिली. महाराष्ट्र झाल्यावर जून १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली. तिचा अहवाल मार्च १९६१ मध्ये आला. इतर काही राज्यांनी तालुक्याच्या समितीला बळ दिले, तर नाईक समितीने जिल्हा हाच मुख्य घटक मानला. त्याप्रमाणे १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला व १ मे १९६२ पासून अमलात आला. श्रीप्रकाश यांनी निरोप घेतला तो त्याच्या काही दिवस आधीच. शाळा, दवाखाने, रस्ते आणि पाणी यांचा कारभार लोकनियुक्त सभासदांकडे गेला. ज्या माणसाला कचेरीत आत जाण्यास भीती वाटे, त्याचाच शेजारी सभासद म्हणून तेथे खुर्चीवर बसू लागला. या बदलाने गटबाजी वाढली असे म्हणणारे आहेत व त्यात तथ्यही आहे. परंतु कारभार शिकण्याची शाळा गावात उघडली, हेही तितकेच खरे.

तिसरा गट आर्थिक कायद्यांचा. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, १९६१ चा कमाल जमीनधारणा अधिनियम आणि १९६१ चाच औद्योगिक विकास अधिनियम हे तीन कायदे दोन वर्षांच्या आत झाले. कमाल धारणेची मूळ मर्यादा इतकी सैल होती की भूमिहीनांच्या हाती थोडेच लागले. पुढील दशकात ती आवळून कोरडवाहूसाठी ५४ एकर करावी लागली. औद्योगिक विकास महामंडळ ऑगस्ट १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याचे फळ आपल्या भागाला उशिरा, परंतु भरघोस मिळाले. चिकलठाणा व पुढे वाळूज येथील कारखान्यांनी पडेगावच्या कित्येक घरांतील तरुणांना पगाराचे पाकीट दिले. शेती तुटपुंजी, हातचा धंदा मोडलेला, अशा कुटुंबांना या नोकऱ्यांनी तगविले.

आणि या सर्वांच्या मध्यभागी १ मे १९६० चा दिवस. मुंबईच्या राजभवनात पंडित नेहरूंच्या उपस्थितीत महाराष्ट्र राज्य जन्मास आले आणि श्रीप्रकाश त्याचे पहिले राज्यपाल झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालय व साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्या मंडळाचे अध्यक्ष. उर्दूतील कागद उमजून घेण्यासाठी धडपडणाऱ्या आपल्या वडिलधाऱ्यांना राज्यकारभार मायबोलीत चालण्याचा अर्थ काय होता, हे नव्या पिढीला सांगून कळणे कठीण आहे.

आता त्या कर्तव्याकडे वळू. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला शब्द दिला होता की विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाईल, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष पुरविले जाईल. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये त्याला आधार मिळाला. मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास मंडळ, त्याच्या कामाचा दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल, विकासखर्चाची न्याय्य वाटणी, तंत्रशिक्षणाची व नोकऱ्यांतील संधीची समान व्यवस्था, यांची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींना आदेशाने राज्यपालावर सोपविता येईल, असे तेथे लिहिले आहे. ‘सोपविता येईल’ हे शब्द वाचकांनी ध्यानी घ्यावेत. तो आदेश निघाला नाही. श्रीप्रकाशांच्या कारकीर्दीत निघाला नाही, त्यांच्या मागून आलेल्या कित्येकांच्या कारकीर्दीतही निघाला नाही. दोष एका व्यक्तीचा नव्हे. राष्ट्रपतींचा आदेश नाही, म्हणून राज्यपालांवर जबाबदारी नाही. आणि राज्याच्या नेत्यांनी दिलेल्या आश्वासनावर विश्वास ठेवावा, असे सर्वांनी मानले. विद्यापीठ मिळाले, राज्य मिळाले, त्या आनंदात आपल्या लोकांनीही तो आदेश मागण्याचा नेट धरला नाही.

परिणाम काय झाला? १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक दाखविला. त्यात मराठवाड्याचा वाटा साडेसातशे कोटींच्या आसपास होता. अनुशेष म्हणजे जे मिळावयास हवे होते व मिळाले नाही त्याची बाकी. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या स्वातंत्र्यसैनिकांनी उतारवयात त्यासाठी चळवळ केली. अखेर १९९४ मध्ये, राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांच्या काळात, राष्ट्रपतींचा आदेश निघून तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. घटनेतील ओळ आणि तिची अंमलबजावणी यांत ३८ वर्षांचे अंतर पडले. मंडळांची मुदत वाढत वाढत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि त्यांची पुनर्स्थापना व्हावी म्हणून २०२२ मध्ये मंत्रिमंडळाला पुन्हा निर्णय करावा लागला.

या दोन बाजू शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे श्रीप्रकाशांच्या कारकीर्दीचे मोल नीट कळते. जे कायद्याच्या निश्चित शब्दांत आले, त्यावर तारीख पडली, अधिकारी नेमला गेला, ते आपल्या दारापर्यंत आले: विद्यापीठ आले, फीमाफी आली, जिल्हा परिषद आली. जे ‘करता येईल’ या मोघम शब्दांत राहिले, ते एका पिढीने वाट पाहून सोडून दिले व दुसरीने झगडून मिळविले. आश्वासन आणि आदेश यांतील हा भेद ज्ञातीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने गाठीशी बांधावा.

पडेगाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, औरंगाबादचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आणि आपली मुले पुण्या-मुंबईसच नव्हे तर परदेशीही शिकत आहेत. या समृद्धीचा उगम कोठे आहे हे त्यांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. सभासद कुटुंबांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरातील ट्रंकेत वडिलांचे फीमाफीचे कागद, आजोबांची पाहणी पत्रकाची नक्कल, शाळेचा जुना दाखला असे काही असेल तर ते रद्दीत घालू नका. त्याच्या प्रती काढून मंडळाच्या कार्यालयात ठेवाव्यात. हक्क शाबीत करताना व जातीच्या दाखल्यासाठी त्यांचा उपयोग आहेच. परंतु राज्याने दिलेला कोणता शब्द कोणत्या वर्षी आपल्या घरी पोहोचला, याचा खरा इतिहास त्याच कागदांत आहे. तो आपण जपला तर पुढील कोणत्याही कारकीर्दीच्या अखेरीस यादी वाचली जाईल तेव्हा आपला समाज केवळ टाळ्या वाजविणार नाही. बाकी काय राहिली, हेही नम्रपणे परंतु ठामपणे विचारील.