न घातलेल्या खताचा इतिहास

लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावाजवळ, रॉथॅमस्टेडच्या इस्टेटीत पार्क ग्रास नावाचे एक कुरण आहे. १८५६ साली जॉन बेनेट लॉज आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी त्याचे पट्टे पाडले, तेव्हा किमान शंभर वर्षे तिथे नांगर लागलेला नव्हता. कोणत्या खताने वाळक्या चाऱ्याचे उत्पन्न वाढते, एवढेच त्यांना पाहायचे होते. लॉज स्वतः खताच्या धंद्यातले; सुपरफॉस्फेटचे पेटंट त्यांनी १८४२ मध्ये घेतले होते आणि संशोधनाचा खर्चही त्याच कमाईतून होई. उत्पन्न वाढले, काही पट्ट्यांत दुपटीच्या पुढे गेले. पण दोन-तीन वर्षांतच प्रत्येक पट्ट्यात कुठले गवत वाढते आणि कुठले मागे पडते, हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. ज्या पट्ट्यांना कधीच काही दिले नाही, तिथे आजही तीस-चाळीस जातींची गवते आणि फुलझाडे नांदतात. जिथे वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट पडले आणि चुना पडला नाही, तिथे दोन-तीन जाती उरल्या. खतविक्याच्या पैशावर खताविरुद्धचा इतका भक्कम पुरावा गोळा व्हावा, यात थोडी गंमत आहेच.

माझे म्हणणे असे, की इंग्लंडमधली फुलांनी भरलेली कुरणे ही निसर्गाची देणगी कमी आणि सततच्या उचलीचा परिणाम जास्त होती. उन्हाळ्यात गवत कापायचे, वाळवायचे, गाड्यांत भरून गोठ्याकडे न्यायचे. त्यातून झालेले शेणखत मात्र बहुतेक धान्याच्या शेताला जायचे. कुरणाच्या वाट्याला आले तर थोडेफार. अशा रीतीने शेकडो वर्षे नत्र, स्फुरद आणि पालाश कुरणातून बाहेर जात राहिले. हडकलेल्या मातीत कोणत्याच गवताला डोके वर काढून बाकीच्यांना दाबता येत नाही. गवत बुटके राहते, ऊन जमिनीपर्यंत पोचते आणि बारीकसारीक रोपेही जगतात. खत पडले की दोन-चार धटिंगण गवते उंच होतात आणि खालची रोपे सावलीत मरतात.

दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी कुरणे नांगरली गेली, पुढे स्वस्त खतांनी उरलेली बदलली. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधली अशी सुमारे ९७ टक्के कुरणे नाहीशी झाली. ती परत आणायची म्हणून नुसते रानफुलांचे बी पेरले, तर पुष्कळदा पदरी निराशा येते, कारण बी नवे असले तरी माती जुन्या खताची असते. त्यातही नत्र आणि स्फुरद यांचा स्वभाव वेगळा. नत्र पाण्याबरोबर झिरपून जाते, हवेतही उडते. स्फुरद लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियमला धरून मातीतच बसून राहते, आणि कापणीबरोबर हेक्टरी वर्षाला काही किलोच बाहेर पडते. म्हणून कुठे वरची सुपीक मातीच खरवडून काढतात, तर कुठे ‘यलो रॅटल’ पेरतात. गवताच्या मुळांतून रस ओढणारी ही वनस्पती आपल्याकडच्या टारफुल्याच्याच कुळातली. ज्वारी-उसाच्या शेतकऱ्याला नकोसे असलेले हे चोरटेपण तिथे मुद्दाम विकत घेतले जाते.

यावर आक्षेप घेता येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की अमोनियम सल्फेटच्या पट्ट्यांत जाती गेल्या त्या नत्रामुळे नव्हे, तर आम्लतेमुळे. तिथला सामू चारच्याही खाली गेला, हे खरेच आहे. पण चुना घालून सामू सांभाळलेल्या पट्ट्यांतही, भरपूर खत असेल तर, बिनखताच्या पट्ट्यांहून जाती कमीच आहेत. आम्लतेने नुकसान वाढवले, एवढेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. १९८९ मध्ये पार्क ग्रासच्या काही पट्ट्यांचे नत्र थांबवले आणि तिथे जाती पुन्हा वाढल्या. मग माती खरवडण्याची घाई कशाला? इथे दोन गोष्टी विसरून चालणार नाही. थांबवले ते नत्र, जे तसेही टिकत नाही; आणि शेजारच्या पट्ट्यांतून बी यायला चार पावलांचेच अंतर होते. चहूकडे गहू पेरलेल्या शेतात असे शेजारी नसतात. तिसरा आक्षेप भुकेचा. युद्धाच्या काळात ज्यांनी कुरणे नांगरली त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना भाकरी हवी होती आणि ती मिळाली. मात्र तेव्हाचा निर्णय योग्य होता म्हणून त्याची किंमत शून्य ठरत नाही.

सह्याद्रीतल्या सड्यांकडे पाहिले तरी हाच नियम दिसतो. कासच्या जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आणि निकस, की दवबिंदूसारख्या वनस्पती नत्रासाठी कीटक पकडतात. अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणून सुधारायला निघण्याआधी तिची पडझड कशाने होईल, हे पाहायला हवे. इंग्लंडपुरते सांगायचे, तर कुरण पुन्हा उभे करणाऱ्याने बियाण्याच्या दुकानात जाण्यापूर्वी मातीतला स्फुरद तपासून घ्यावा. तो जास्त निघाला, तर आधी माती हडकवावी किंवा दुसरी जागा शोधावी.