मुलांच्या नावाने

जुन्या म्हैसूर शहरात अग्रहार नावाची एक वस्ती आहे. हा शब्द आपणां मराठी माणसांना परका नाही. विद्येचे जतन व्हावे या हेतूने राजाने विद्वान ब्राह्मणांना जमीन तोडून द्यावी, तिच्यावरचा सारा माफ करावा, आणि तेथे अध्ययन-अध्यापन अखंड चालावे, अशा वसाहतीला अग्रहार म्हणत. तेथील विद्या मोठी होती. पण ती कोणाच्या कानी पडावी आणि कोणाच्या पडू नये, हे ठरविण्याचा अधिकारही तेथेच राहत असे.

त्याच म्हैसूर शहरात १९३५ साली एक निराळी घटना घडली. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र उभारले आणि त्याला ‘आकाशवाणी’ असे नाव दिले. पुढे देशाच्या नभोवाणीने तेच नाव स्वीकारले. अग्रहाराला वेस असते. आकाशातून येणाऱ्या वाणीला वेस नसते. एकदा यंत्राची कळ फिरविली, की घरातील आजोबा, स्वयंपाकघरातील सूनबाई आणि अभ्यासाला बसलेले आठ वर्षांचे मूल या सर्वांच्या कानी एकच शब्द एकाच क्षणी पडतो. तेव्हा तो शब्द कोणाच्या बेताने निवडावा? प्रौढाच्या, की मुलाच्या? हा प्रश्न आपल्या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो चित्रपटगीतांच्या निमित्ताने.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. ते मूळचे पुण्याचे, विद्वान, आणि अभिजात संगीताचे जाणकार. चित्रपटगीते उथळ आहेत, त्यांतील पाश्चात्त्य वळणाचे वाद्यसंगीत आपल्या परंपरेशी विसंगत आहे, आणि अपरिपक्व वयाच्या श्रोत्यांपलीकडे त्यांची खरी चाड कोणाला नाही, अशी त्यांची धारणा होती. ही धारणा केवळ लहरीची होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संस्थानांचा आश्रय संपला असता अनेक गवयांना व वादकांना नभोवाणीनेच आधार दिला. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम केसकरांच्याच कारकिर्दीत सुरू झाला आणि वाद्यवृंदही त्याच काळात उभा राहिला. ज्याने दिले त्याचे ऋण मान्य करूनच, त्याने काय नाकारले याचा हिशेब मांडावयाचा असतो.

नाकारण्याची रीत अशी झाली. चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला. कोणती गीते लावावयाची याची छाननी सुरू झाली. आणि गीत लावताना चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होते, म्हणून ते नाव वगळण्यात आले. तेव्हा निर्मात्यांनी आपली गीते वाजविण्याची अनुमतीच काढून घेतली. परिणाम असा, की जी गीते गल्लोगल्ली गुणगुणली जात होती, ती देशाच्या नभोवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

पण ती हवेतून नाहीशी झाली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात उभारलेले एक समर्थ लघुलहरी प्रक्षेपण केंद्र सिंहलद्वीपात होते. तेथील रेडिओ सिलोनने ही पोकळी ओळखली. १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे तिचे निवेदक अमीन सयानी पुढे सांगत असत. बुधवारी रात्री आठ वाजले, की ज्या घरी यंत्र असे त्या घरी शेजारपाजार गोळा होई. गावोगावी श्रोत्यांचे संघ निघाले. ते टपालाने फर्माइशी पाठवीत, आपल्या आवडीची गीते कळवीत, आणि गीतांचा अनुक्रम लावताना या संघांचे मतही विचारात घेतले जाऊ लागले. ज्यांना कोणी बोलावले नव्हते अशा सामान्य शौकिनांनी केवळ प्रेमापोटी उभारलेला हा एक समाज होता. त्याला ना सनद होती ना जहागीर. परंतु आपले आवडते गीत कोणते हे ठरविण्याचा हक्क आपला आहे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

नेमक्या याच सुमारास मुलांचे नाव वादात ठळकपणे आले. १९५४ साली दिल्लीच्या तेरा हजार स्त्रियांच्या सह्यांचा एक अर्ज पंतप्रधान नेहरूंना सादर झाला. चित्रपटांपायी मुले शाळा बुडवितात, अकाली नको त्या गोष्टी शिकतात आणि व्यसनांकडे वळतात, तेव्हा या अनर्थाला आळा घालावा, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यसभेत मुंबईच्या लीलावती मुन्शी यांनी अनिष्ट चित्रपटांना प्रतिबंध करण्याविषयीचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. केसकरांचा आक्षेप मुख्यतः अभिरुचीचा होता. पण अभिरुचीवर वाद घालता येतो. आईच्या काळजीवर वाद घालण्यास कोण धजेल? मुलांचे नाव निघाले, की समोरचा माणूस ओशाळून गप्प बसतो. या युक्तिवादाचे सामर्थ्य यातच आहे, आणि त्याविषयी सावध राहण्याचे कारणही यातच आहे.

त्या तेरा हजार स्त्रियांची काळजी लटकी होती, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. मूल पाहते, ऐकते, आणि जे पाहते-ऐकते ते करून बघते, हे घरात मूल असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. प्रश्न काळजी खरी की खोटी हा नव्हे. तिच्यावर शोधलेला उपाय त्या मुलापर्यंत पोहोचतो का, हा आहे. आणि येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. केवळ प्रौढांसाठीचे चित्रपट आणि सर्वांसाठीचे चित्रपट असा भेद आपल्या कायद्यात १९४९ सालीच करण्यात आला होता. म्हणजे मुलाला दाराशी थांबवून प्रौढाला आत सोडण्याची सोय अस्तित्वात होती. ती नीट पाळली जात नसेल, तर दारावरच्या माणसाला जाब विचारावयास हवा होता. तसे न करता नाट्यगृहच बंद करा असे जो म्हणतो, तो मुलाला जपत नाही. तो प्रौढालाही मूल ठरवितो.

दुसरी अडचण चाळणीची. चित्रपटगीत हा सबंध प्रकारच दोषी, असे एकदा मानले म्हणजे काय होते ते पाहू. १९५३ साली ‘देवबाप्पा’ हा मराठी बोलपट आला. त्यात ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले, पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले ‘नाच रे मोरा’ हे गीत आहे. महाराष्ट्रात बालवाडीत जाऊन हे गीत न शिकता आलेले मूल विरळाच. गेल्या सत्तर वर्षांत मराठी मुलांना याहून प्रिय असे दुसरे गीत कोणते लाभले, हे सांगणे कठीण आहे. आणि ते आहे चित्रपटगीत! प्रकारावर बंदी घालणारी चाळणी मुलांच्या कल्याणासाठी म्हणून लावली, तर मुलांचे सर्वांत लाडके गाणेच प्रथम चाळणीवर अडकते. वस्तूचा गुण तिच्या जातीवरून ठरवू नये, हे आपण माणसांच्या बाबतीत मोठ्या कष्टाने शिकलो. गाण्यांच्या बाबतीतही ते शिकणे अवश्य होते.

सुदैवाने त्याच दोन-तीन वर्षांत दुसरा मार्गही दिसला. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेला ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ चा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथम मिळाले ते या चित्रपटाला, १९५४ साली. म्हणजे ज्या वर्षी दिल्लीच्या माता चित्रपटांविरुद्ध अर्ज घेऊन गेल्या, त्याच वर्षी एका मातेवरचा चित्रपट देशात पहिला ठरला. १९५५ साली बालचित्रपट समिती स्थापन झाली व पंडित हृदयनाथ कुंझरू तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला. सबंध वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, छप्पन्न गीते घराघरांत पोहोचली. लोक यंत्राला हार घालीत, असे त्या काळाचे जाणते सांगतात. त्या गीतांचे कवी माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत वाढलेले! ज्या हातांविषयी खात्याच्या मनात संशय होता, त्याच हातांकडून खात्याच्याच एका केंद्राने आपले सर्वांत मोठे लेणे घडवून घेतले. त्या शुक्रवारच्या श्रोत्यांत मुले किती असतील! त्यांना कोणी काही मना केले नव्हते. त्यांना काही दिले होते.

आणि जेथे मना केले होते तेथे काय झाले? मुले चित्रपटगीते ऐकावयाची थांबली नाहीत. ती थोरल्या भावाच्या शेजारी बसून सिलोन ऐकू लागली. फरक इतकाच पडला, की गीतांची निवड आता दुसऱ्या देशातील व्यापारी केंद्राच्या हाती गेली, आणि ज्या नभोवाणीला मुलांची चिंता होती तिला त्यांच्या कानाशी बोलण्याची संधीच उरली नाही. बंदी घालणाऱ्याला वाटते, आपण दाराशी पहारा ठेवला; प्रत्यक्षात तो स्वतःच खोलीबाहेर जाऊन उभा राहिलेला असतो. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीते सन्मानाने स्वगृही परतली. केसकर तेव्हा मंत्रिपदावरच होते, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आपल्या धोरणाची चूक उमगल्यावर तेच धोरण चालवीत राहण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही.

गीतांचा वाद मिटला, पण युक्तिवाद मिटला नाही. तो पुस्तकांकडे वळला. १९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. अशा खटल्यांत १८६८ सालची एक इंग्रजी कसोटी लावण्यात येई. लेखन कोणासाठी लिहिले आहे हे तिने पाहावयाचे नव्हते; ज्याचे मन चटकन बिघडू शकेल अशा कोणाच्या हाती ते पडले तर काय, एवढेच पाहावयाचे होते. म्हणजे दिवाळी अंकाच्या साऱ्या वाचकांत सर्वांत कोवळा वाचक कल्पावयाचा, आणि त्याच्या मापाने सर्वांचे वाचन बेतावयाचे! पुण्याच्या दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा होता, की स्त्रीपुरुषसंबंधाचा केवळ उल्लेख आला एवढ्यावरून पुस्तक किशोरांना अपायकारक ठरवू लागलो, तर किशोरांना धर्मग्रंथांखेरीज वाचावयास काहीच उरणार नाही. विशेष हे, की येथे न्यायालयाने किशोरांची उपेक्षा केली नाही. किशोरालाही वाचनाचा हक्क आहे, हे त्याने ओळखले. ती जुनी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने पुढे २०१४ साली स्पष्टपणे बाजूला सारली. चित्रपटांच्या बाबतीतही २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे पाडून पालकांना मार्गदर्शन करण्याची सोय केली. सात वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा एक नव्हे, एवढी साधी गोष्ट कायद्यात उतरावयास इतका काळ लागला.

तेव्हा या इतिहासातून काय घ्यावे? मुलांचे नाव घेऊन कोणी काही थांबवू म्हणेल, तेव्हा त्याच्यावर रागावू नये, आणि ओशाळून गप्पही बसू नये. त्याला शांतपणे चार प्रश्न विचारावेत. आपण म्हणता ते मूल किती वर्षांचे? त्याला नेमका अपाय कशाने होतो? प्रौढाचे काही न काढून घेता त्याला जपण्याचा मार्ग आहे की नाही? आणि जे बंद करावयाचे त्याच्या जागी आपण त्याला काय देणार? ज्याला खरोखर मुलांची काळजी आहे, त्याच्यापाशी या चारही प्रश्नांची उत्तरे असतात. कारण तो मुलाबरोबर राहिलेला असतो. ज्याला मुलाचे केवळ नाव हवे आहे, तो पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

‘बिनाका गीतमाला’ सुरू असताना पुढच्या खोलीत धाकटे भावंड पुस्तक उघडे ठेवून कान तिकडे लावून बसलेले असे. त्याचा सांभाळ करणे हे कोणत्याही खात्याला दिल्लीत बसून साधणारे काम नव्हते. ते त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचे काम होते, आणि आजही ते त्याचेच आहे.