पावसाळी ट्रेकमध्ये थंडीने जीव कसा जातो?

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याच्या सहा ट्रेकर्सचा गट हरिश्चंद्रगडावर दाट धुक्यात वाट चुकला. पाऊस आणि गारठ्यात त्यांच्यातल्या एकाचा मृत्यू झाला.

उन्हाळ्यात ४५ अंश सोसणाऱ्या वरणगाव-भुसावळकडच्या पोरांना हा धोका चटकन लक्षात येत नाही. ओले कपडे आणि वारा मिळून अंगातली ऊब झपाट्याने काढून घेतात. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात.

आधी हुडहुडी भरते, मग बोलणं अडखळतं, तोल जातो. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्तावला, तर धोका वाढलाय असं समजा. त्याला आडोशाला न्या, ओले कपडे बदला, ११२ वर फोन करा.

म्हणून सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड हवाच.