तळेगावच्या तळ्यातल्या तोफा

लोणावळा ते तळेगाव हा टप्पा आज आपण तासाभरात पार करतो. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज इथून गोगलगायीसारखी सरकत होती. सोबत तोफा, रसद आणि तब्बल १९,००० बैल. ४ जानेवारीला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्याकडचा ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला. पुढचं तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून रिकामं केलं होतं. दाणा-वैरण नाही, मग तोफा ओढणार कोण? ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. मराठ्यांनी त्यांना वडगावला घेरलं. तिथेच तह झाला. मी सर्व्हर सांभाळणारा माणूस, त्यामुळे तोफखान्याचा इतिहास वाचताना आधी बैल मोजतो. ही मोहीम बरीचशी त्यांच्या चाऱ्यावरच अडली.