तळटीप १४ : फोटोडायोड

१४. फोटोडायोड : काचतंतूतून आलेल्या प्रकाशाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करणारा अर्धवाहक घटक. मजकुरातले हिवरखेड अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले वेगळे. ‘भारतनेट’ ही ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची, २०११ साली मंजूर झालेली केंद्र सरकारची योजना. तिच्यातील जीपॉन या काचतंतू-जोडणीच्या पद्धतीत गावाकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. सुमारे ११०० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश सिलिकॉन शोषत नाही, म्हणून इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा थर लागतो. हा थर पातळ केला की विद्युतभार लवकर बाहेर पडतात आणि वेग वाढतो, हे लेखकाचे म्हणणे खरे, पण अपुरे आहे. पातळ थर प्रकाश कमी शोषतो, शिवाय धारिता वाढून वेग पुन्हा घटतो. म्हणून खरी सुधारणा रचनेतली. प्रकाश थराच्या कडेने आत सोडला, तर शोषणाची लांबी आणि भारांनी कापायचे अंतर ही दोन्ही स्वतंत्रपणे ठरवता येतात. १९९० च्या दशकात जपानच्या एनटीटी कंपनीत विकसित झालेल्या रचनेत तर मंद ‘होल’ना, म्हणजे धन विद्युतभारांना, वगळून वेगवान इलेक्ट्रॉनांनाच अंतर कापावे लागते. गावाला एवढा वेग कशाला, हा आक्षेप टिकत नाही. जीपॉनच्या सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट वेगाला साधा डायोड पुरतो, हे मान्य. पण असंख्य गावांची माहिती ज्या मुख्य वाहिन्यांत एकवटते, तिथले डायोड संथ असतील तर हिवरखेडची जोडणीही तुंबते.