गळवाल्यांची वही

मंडळी, आमच्या टीममधल्या एकाने गेल्या महिन्यात गळ घेतला. लहानपणी काठीला दोरा बांधून आपण ओढ्यावर बसायचो तसला नव्हे. घडीचा रॉड, चकचकीत रीळ आणि खोट्या माशांनी भरलेली एक प्लॅस्टिकची पेटी, असा सगळा सरंजाम. सोमवारी त्याला विचारलं, काय मिळालं? तर म्हणे, "दोन वीकएंड, अकरा तास, मासे शून्य." सगळे हसले. मी म्हटलं, "हे कुठंतरी लिहून ठेवलंयस का? ते अकरा तास आणि ते शून्य?" त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. मी गंभीरपणेच विचारत होतो. का, ते सांगायला आजचा हा लेख.

गोष्ट आहे कावेरीतल्या महसीर माशाची. पण सुरुवात होते थेट आपल्या पुण्यात.

एकोणिसाव्या शतकात विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक कर्नल मुंबई सरकारच्या नोकरीत होता. काम आकडेवारी गोळा करण्याचं, पण गडी दख्खनभर फिरताना पक्षी, प्राणी, मासे, दिसेल त्याची नोंद करायचा. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांबद्दल लिहिलं. त्यातला एक मासा त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. त्याचं नाव त्याने ठेवलं 'खुद्री'. दुसरा शिरूरजवळ घोड नदीत मिळाला, तो 'मुसुल्ला'. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. (आणि हो, मुळा-मुठेत एके काळी महसीर होते. आज पुलावरून जाताना नाक दाबलं की हे आठवून बघा.)

महसीर म्हणजे मोठ्या खवल्यांचा, वाहत्या पाण्यातला, प्रचंड ताकदीचा मासा. इंग्रज साहेबांना त्याचं वेड लागलं. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं आणि विलायतेतल्या सॅमनपेक्षा आपला महसीर गळावर जास्त झुंजतो असा दावा केला. साहेबाने साहेबाच्या लाडक्या माशाला दुय्यम ठरवायचं म्हणजे त्या काळी केवढी मोठी गोष्ट!

त्यातही कावेरीचा महसीर सगळ्यांत मोठा. पाठीवर उंच वशिंड आणि अंगावर सोनेरी झाक. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगन कुटुंबातल्या एकाने काबिनी नदीत गळाने १२० पौंडांचा मासा धरला. १२० पौंड म्हणजे ५४ किलो. आमच्या टीममध्ये याहून हलकी दोन-तीन माणसं निघतील.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि हा मासाही लोकांच्या बोलण्यातून गेला. धरणं तर आधीच झाली होती. नदीत सुरुंग टाकून मासे मारण्याचा प्रकारही चालायचा. १९७७-७८ च्या सुमारास ट्रान्सवर्ल्ड फिशिंग टीम नावाची इंग्लिश तरुणांची एक टोळी, तो मासा अजून शिल्लक आहे का हे बघायला भारतात आली. शिल्लक होता! बातमी बाहेर गेली आणि जगभरचे गळवाले कावेरीकडे निघाले.

त्यातून दक्षिण कर्नाटकात नदीकाठी भीमेश्वरी, गालिबोर, दोड्डमकळी इथं कॅम्प उभे राहिले. पद्धत अशी की गळाला नाचणीच्या पिठाचा गोळा लावायचा, खडकावर बसून वाट बघायची. मासा लागला की तो सुसाट प्रवाहाच्या दिशेने पळतो आणि दोरा खडकांत अडकवतो. मग बांबूच्या टोपलीसारख्या गोल होडीत बसून त्याच्या मागे जायचं. होडी हाकणारा स्थानिक वाटाड्या, आणि त्यांच्यातले काही जण पूर्वी चोरून मासेमारी करणारे. आता त्यांना मासा मारण्यापेक्षा जिवंत ठेवण्यात जास्त पगार होता. पकडलेला मासा वजन करून, फोटो काढून परत पाण्यात सोडायचा हा कॅम्पचा नियम.

आणि आणखी एक सवय होती, वही लिहिण्याची. आज किती तास गळ टाकला, किती मासे लागले, कोणते, किती वजनाचे. कोणाला शास्त्राची सेवा वगैरे करायची नव्हती. संध्याकाळी शेकोटीपाशी फुशारकी मारायला पुरावा हवा, एवढाच साधा हेतू. आपल्याकडे नाही का, सर्व्हर लॉग लिहीत असतो आणि वर्षानुवर्षं कोणी उघडून बघत नाही. पण एक दिवस काहीतरी कोसळतं, आणि मग सगळे त्याच फाइलवर तुटून पडतात.

इथं ते 'काहीतरी' काय होतं? त्यासाठी परत आपल्याकडे, लोणावळ्याला यावं लागेल.

टाटांच्या वीज कंपनीची घाटमाथ्यावर धरणं आहेत हे आपल्याला माहीत आहे. वर्षासहलीला आपण तिथंच जातो. १९७०च्या दशकात कंपनीने लोणावळ्याला वळवण तलावाशी महसीरचं प्रजनन केंद्र सुरू केलं. महसीर देशभर कमी होतोय हे दिसत होतं, आणि तो तळ्यात सहज वाढणारा मासा नव्हे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या आपल्या माणसांनी तिथं चिकाटीने काम केलं. मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, नराचं वीर्य त्यांत मिसळायचं, पिल्लं वाढवायची. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून लांबवर पाठवता येतात हेही त्यांनी दाखवून दिलं. जिवंत मासे पाण्यासकट नेण्यापेक्षा हे किती सोपं! लाखांनी पिल्लं तयार झाली आणि वेगवेगळ्या राज्यांना दिली गेली.

हा मासा होता साइक्सचा खुद्री. मुळा-मुठेचा, कृष्णेच्या खोऱ्यातला, निळसर परांचा महसीर. त्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. सगळ्यांनाच आनंद होता. महसीर कमी झालाय, महसीर सोडतोय, यात वाईट काय? गळवाल्यांनाही हवंच होतं, नदीत जितके मासे जास्त तितका कॅम्प गजबजलेला.

फक्त कावेरीतला तो वशिंडवाला राक्षस खुद्री नव्हता. तो वेगळाच मासा होता.

हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण त्याला नावच नव्हतं! म्हणजे गळवाले त्याला वशिंडवाला म्हणायचे, जुन्या पुस्तकांत त्याला 'मुसुल्ला' म्हटलेलं असायचं. पण साइक्सचा घोड नदीतला मुसुल्ला हा महसीर कुळातलाच नव्हे, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. म्हणजे जगातल्या सगळ्यांत मोठ्या महसीरांपैकी एक, शंभर वर्षं ज्याचे फोटो छापले गेले, तो शास्त्राच्या टेबलमध्ये नव्हताच. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की नाही. आणि ज्याची नोंदच नाही त्याला धोक्याच्या यादीत टाकणार कसं?

२०१२ मध्ये कावेरी अभयारण्यातली ही गळाची मासेमारी बंद झाली. वन्यजीव कायद्याच्या नजरेतून, धरून सोडणं हीही शिकारच. बरोबर की चूक हा वाद मोठा आहे, त्यात आज शिरत नाही. पण कॅम्प थांबले आणि वहीतल्या नोंदीही थांबल्या.

मग एड्रियन पिंडर नावाचा इंग्लिश मत्स्यशास्त्रज्ञ (स्वतः गळवाला), केरळचे राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्याने गालिबोर कॅम्पच्या १९९८ ते २०१२ च्या वह्या उघडल्या. त्यांत होते २३,६२० तास आणि ६,१६१ महसीर. म्हणजे एका माशामागे जवळजवळ चार तास. (आमच्या मित्राने अकरा तासांत हाय खाऊ नये.) सलग धरले तर हे तास जवळजवळ पावणेतीन वर्षं भरतात. एवढा वेळ नदीकाठी माणूस बसवायचा तर कुठली संस्था पैसे देईल सांगा? इथं लोकांनी स्वतःच्या खिशातून, हौसेने बसून दिलं होतं.

वरवर बघितलं तर वही आनंदाची बातमी देत होती. तासाला लागणारे मासे वर्षागणिक वाढत होते. डॅशबोर्ड एकदम हिरवा! पण सरासरी वजन कमी होत होतं. आणि दोन जाती वेगळ्या करून मांडल्यावर खरं चित्र दिसलं. वाढ सगळी निळ्या परांच्या खुद्रीची. वशिंडवाले कमी कमी होत गेले, आणि जे लागत होते ते मोठे, म्हणजे म्हातारे. त्यांची लहान पिल्लं वहीत येईनाशी झाली होती. घरात आजी-आजोबा दिसतात, नातवंडं नाहीत, तसं.

२०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वशिंडवाला नामशेष होण्याच्या वाटेवर आहे असा इशारा त्यांनी दिला आणि बोट दाखवलं ते बाहेरून आणून सोडलेल्या खुद्रीकडे. धरणं, सुरुंग, वाळूउपसा, आटणारं पाणी हे सगळं होतंच, पण ते दोन्ही जातींना सारखंच होतं. त्याच पाण्यात एक फोफावला आणि एक आटला. खुद्रीने नेमकं काय केलं, खाणं पळवलं की अंडी घालायच्या जागा बळकावल्या, हा पुढचा प्रश्न.

राहिलं नाव. ते मिळालं २०१८ मध्ये. पिंडर-राघवन यांच्या गटाने मोयार नदीतले वशिंडवाले मासे तपासले. मोयार ही कावेरीच्याच खोऱ्यातली तामिळनाडूची नदी. या गटात आपल्या पुण्याच्या आयसरशी जोडलेले नीलेश डहाणूकरही होते. शरीराची मापं आणि डीएनए जुळवल्यावर लक्षात आलं की केरळच्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून 'टॉर रेमादेवी' ही जात आधीच नोंदवलेली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ ते नाव. तो चिमुकला मासा आणि हा राक्षस एकच! कोणीतरी तिकीट आधीच उघडलं होतं, फक्त दोन्ही एकमेकांना जोडली नव्हती. नाव मिळालं आणि त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून गेला. पहिल्या मोठ्या पुस्तकानंतर तब्बल १४५ वर्षांनी.

मला या गोष्टीत खलनायक सापडत नाही, आणि तेच जास्त टोचतं. लोणावळ्यातल्या लोकांनी मासा वाचवायलाच आयुष्य घातलं, आणि खुद्री वाढवण्याचं त्यांचं काम खरोखर मोठं आहे. कॅम्पवाल्यांनी चोरट्यांना रक्षक केलं. कायदा लावणाऱ्यांनाही प्राणीच वाचवायचे होते. सगळे चांगलेच. पण 'महसीर' या एका शब्दाखाली दोन वेगळे जीव आहेत, हे विचारायचं राहून गेलं. नावाचा घोळ म्हणजे फक्त कागदावरचा घोळ, असं आपल्याला वाटतं. इथं त्या घोळाने एका नदीतला मासा बदलून टाकला.

तर आता मित्राला दिलेला सल्ला तुम्हालाही देतो. गळ घेतलाच असेल तर आधी तिथं परवानगी आहे का ते विचारा. एक वही ठेवा (मोबाइलवर चालेल). तारीख, जागा, किती तास बसलात, काय लागलं. काहीच लागलं नाही तर तेही लिहा, कारण तास माहीत नसतील तर माशांच्या आकड्याला अर्थ नाही. मासा सोडणार असाल तर हात ओले करून धरा, फोटो बाजूने काढा म्हणजे नंतर कोणालातरी ओळखता येईल. 'मोठा मासा' असं लिहू नका, लांबी मोजा. आणि एका तळ्यातला मासा दुसऱ्यात कधीही सोडू नका, कितीही पुण्याचं काम वाटलं तरी. घरातल्या फिशटँकमधले कंटाळा आलेले मासेसुद्धा नाहीत.

परवा सोमवारी पुन्हा त्याला विचारलं. त्याने फोन पुढे केला. एक्सेल शीट, तीन ओळी. तिसरी ओळ: पाच तास, मासे शून्य, शेरा 'पाऊस'.

म्हटलं, चालू दे. पंधरा वर्षांनी कोणालातरी लागेल.