अनुदान नेमकं कशाला मिळतं? धारूरच्या सीताफळावरून शिकण्यासारखं

शासकीय योजनांवर प्रबंध लिहायचा असं ठरवणारे बरेच जण पहिल्याच दिवशी एक प्रश्न वहीत लिहून ठेवतात: योजना यशस्वी झाली का? माझा सल्ला, तो प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी हे विचारा की सरकारनं पैसे नेमके कशावर मोजले? झाडावर, यंत्रावर, मजुरीवर की वाहतुकीवर? नुसता हा प्रश्न धरून गेलात तरी पन्नास-साठ वर्षांचा इतिहास वेगळा दिसायला लागतो. उदाहरण म्हणून बीड जिल्ह्यातलं धारूर घेऊ.

धारूर बालाघाटच्या डोंगरात आहे. आदिलशाहीतला किल्ला, म्हणून लोक किल्ले धारूर म्हणतात. रेल्वे नाही, तेलगावकडे उतरायचं तर घाट. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. या मुरमाड उतारावर कुणी न लावता वाढणारं झाड म्हणजे सीताफळ. मूळ अमेरिका खंडातलं, पण इथं इतकं रुळलंय की परकं म्हटलं तर कुणाला पटणार नाही. पानं कडू असल्यामुळे शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ते टिकलं. पावसाळा सरताना फळ येतं आणि दिवाळीच्या आसपास हंगाम संपतो.

आता सरकारी कागदांकडे या. १९६० नंतर मराठवाड्याकडे पाहणाऱ्या दोन फायली स्वतंत्र चालताना दिसतात. एक उद्योगांची. १९६४ साली महाराष्ट्रानं सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. मुंबई-पुण्यात गर्दी करणारे कारखाने मागास भागात जावेत म्हणून सवलती. पुढे तालुक्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी झाली. जितका मागास तालुका, तितकी सवलत जास्त. कल्पना चांगली होती. पण ही सवलत कारखाना उभारणाऱ्याला होती, आणि डोंगरातून टोपली भरून आणणारी बाई काही कारखाना उभारत नव्हती.

दुसरी फाईल दुष्काळाची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते अशी कामं निघाली. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. इथं पैसे मजुरीवर मोजले गेले. म्हणजे एका फायलीत धारूरसारखं गाव 'उद्योग नसलेलं', दुसरीत 'उपाशी'. या गावात विकण्यासारखं काही पिकतं, ही नोंद दोन्हींत सापडणं कठीण. १९८४ च्या दांडेकर समितीनं प्रादेशिक अनुशेष मोजला, राज्याचा मिळून तीन हजार कोटींच्या वर. तोही रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत. (हा अहवाल मुळातून वाचा. मोजमापाची पद्धत हाच त्यातला खरा ऐवज आहे.)

या दोन फायली पहिल्यांदा जवळ आल्या त्या १९९०-९१ मध्ये, रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजनेत. शंभर टक्के अनुदान, तेही टप्प्याटप्प्यानं आणि जगलेल्या झाडांच्या हिशेबानं. कोरडवाहू फळांत सीताफळ होतंच. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रानं इथल्याच झाडांतून निवडलेल्या वाणाचं नावच मुळी 'धारूर-६' आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत विचारपूर्वक आखलेली योजना हीच. पण तिचं एकक होतं झाड, आणि झाडाचा लाभार्थी म्हणजे सात-बारावर नाव असणारा. डोंगरातलं, गायरानातलं, बांधावरचं फळ वेचणाऱ्या भूमिहीनाला या हिशेबात जागा नव्हती.

२०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, पण मानांकनानं फळ टिकत नाही. मग २९ जून २०२० रोजी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली. पाच वर्षं, दहा हजार कोटी, 'एक जिल्हा एक उत्पादन', बीडसाठी सीताफळ. वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख. निदान दहा टक्के स्वतःचे, बाकी बँकेचं कर्ज. अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत बाजूला राहतं आणि तीन वर्षं खातं नीट चाललं तर कर्जात वळतं होतं. म्हणजे बँकेनं 'हो' म्हणेपर्यंत योजना सुरूच होत नाही. इथं एकक बदललं: झाडाऐवजी यंत्र.

विज्ञान शाखेतल्यांनी आता कान टवकारावेत. सीताफळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकतं आणि लगेच उतरतं. साध्या फ्रिजच्या थंडीत ठेवलं तर साल काळी पडते. गर काढला तर पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर त्याला तपकिरी करतं. ते मारायला गर तापवावा तर तो कडू होतो. आंब्याच्या रसासारखं उकळून डबाबंद करता येत नाही. उरतो एक मार्ग, गर झटपट गोठवून उणे अठरा अंशांवर ठेवणं. म्हणजे वर्षभर अखंड वीज. यंत्राच्या किमतीत अनुदान बसतं, विजेच्या बिलात बसत नाही. खेळत्या भांडवलाची थोडी सोय आहे ती बचत गटांना, प्रत्येक सदस्यामागे चाळीस हजारांपर्यंत बीज भांडवल.

आणि गटातल्या बायका कुठे असतात? बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. हंगामाची उचल आधीच घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात, जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. सीताफळ ऐन भरात आणि गर काढणारे हात गाड्यांत. अर्जाच्या कुठल्याच रकान्यात हे मावत नाही, आणि तुमच्या प्रबंधाला जागा आहे ती इथंच.

तुलना हवी असेल तर कॅनडाच्या उत्तरेकडे बघा. तिथल्या रस्ता नसलेल्या वस्त्यांसाठी २०११ पासून 'न्यूट्रिशन नॉर्थ' योजना आहे. तिचं एकक किलो: दुकानदारानं विमानानं नेलेल्या अन्नावर वजनाप्रमाणे अनुदान. तिथंही घोळ झाला. ही सवलत दुकानदार गिऱ्हाइकापर्यंत पूर्ण पोहोचवतात की नाही हे खात्यानं तपासलंच नाही, असं २०१४ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी म्हटलं. आपल्याकडे किलोवर मोजण्याचा प्रयोग किसान रेल्वेत झाला. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून पहिली गाडी सुटली आणि पुढे ठरावीक फळं-भाज्यांच्या भाड्यात निम्मी सूट मिळाली. पण धारूरच्या फळाला आधी रेल्वेपर्यंत पोहोचायला हवं, आणि त्या टेम्पोच्या भाड्याला सूट नव्हती.

तेव्हा शासन निर्णय वाचायला बसाल तेव्हा प्रस्तावना सोडून थेट तीन गोष्टी शोधा: अनुदानाचं एकक, लाभार्थ्याची कागदोपत्री ओळख, आणि पैसे कुठल्या महिन्यात सुटतात ते. तिसरी सहसा निर्णयात सापडत नाही; ती कोषागाराच्या नोंदीतून आणि बँकेच्या खात्यातून काढावी लागते. ती तारीख आणि कोयते निघण्याची तारीख एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. क्षेत्रकामासाठी जायचं असेल तर सप्टेंबरमध्ये धारूरला जा. दिवाळीनंतर गेलात तर ज्यांच्याशी बोलायचंय ते गावात भेटणार नाहीत.